रक्ताच्या रिपोर्टातला एकटा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबसमोर सकाळी सातपासून माणसे बसलेली दिसतात आणि संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट येऊन पडतो. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची असते, रिपोर्ट मात्र आज रात्रीच हातात असतो, आणि मधल्या बारा तासांत ठळक छापलेल्या एखाद्या आकड्यावरून घरात जी धावपळ उडते तिचा आजाराशी पुष्कळदा फारसा संबंध नसतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरीची सारी वर्षे सूक्ष्मदर्शकासमोर घालवून मी निवृत्त झालो आहे. शेजारीपाजारी अजूनही रिपोर्ट घेऊन जिना चढून येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे की रक्ताच्या रिपोर्टातला एकटा आकडा वाचून काही ठरवता येत नाही. तो आधीच्या आकड्याशेजारी ठेवून, बाकीच्या आकड्यांच्या संगतीत आणि रुग्णाची अवस्था पाहून वाचावा लागतो, आणि तसा तो वाचता यावा अशी सोय रिपोर्टातच करणे हे लॅबचे काम आहे.

प्रत्येक आकड्यापुढे जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती निरोगी माणसांची रक्ते तपासून, त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. याचा अर्थ ठणठणीत माणसांपैकीही शंभरातले पाच जण एखाद्या तपासणीत मर्यादेबाहेर जाणारच. एका रिपोर्टात असे वीस-बावीस आकडे असतात, त्यामुळे काहीही झालेले नसताना एखादा ‘एच’ (जास्त) किंवा ‘एल’ (कमी) उमटणे यात नवल काहीच नाही, उलट तो उमटला नाही तरच थोडे नवल. ‘फुल बॉडी चेकअप’ची सवलतीची पॅकेजे घेणाऱ्यांनी हे गणित आधी समजून घेतले, तर त्यांची निम्मी चिंता पॅकेजच्या पैशांतच वाचेल. शिवाय आकडा रोज थोडा हलतोच. सकाळी १ लाख ६२ हजार असलेल्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) दुसऱ्या लॅबमध्ये १ लाख ४८ हजार भरल्या, तर त्या ‘उतरल्या’ असे म्हणता येत नाही. यंत्र वेगळे, वेळ वेगळी आणि रक्त काढण्याची रीतही वेगळी असते.

एककांचा गोंधळ याहून मोठा आहे. एक लॅब प्लेटलेट्स ‘१.५ लाख’ अशा लिहिते, दुसरी ‘१५०’ लिहून पुढे बारीक अक्षरांत दहाचा घात छापते. पांढऱ्या पेशी एका ठिकाणी ‘४५००’ असतात, तर दुसऱ्या ठिकाणी ‘४.५’. दोन्ही बरोबरच आहेत. पण आठवड्याभरात दोन लॅबचे रिपोर्ट हातात आलेल्या घरात ‘दीड लाखाच्या दीडशेच राहिल्या’ असे म्हणून रडारड झालेली मी स्वतः पाहिली आहे.

आता प्लेटलेट्सविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्यात सर्वाधिक भीती याच आकड्याची आहे. प्रौढांमध्ये दीड ते साडेचार लाख हे प्रमाण साधारण मानतात. डेंग्यूमध्ये तो आकडा उतरतो आणि ताप ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा आपोआप चढू लागतो. रुग्णाला खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा, आणि त्याची खूण प्लेटलेट्सच्या ओळीत नसून हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असे लिहिलेल्या ओळीत सापडते. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हे ती ओळ सांगते. पीसीव्ही आधीच्या मानाने वीस टक्क्यांनी चढला, म्हणजे समजा ४० चा ४८ झाला, तर रक्त दाट होत आहे असे समजावे. ही ओळ घरचे कोणी पाहत नाही. हा पाझर बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास होतो, आणि ताप उतरला म्हणून सगळे निश्चिंत होतात ते नेमके त्याच वेळी. ताप उतरल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस तर सर्वांत जपण्याचे असतात. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी किंवा एकाएकी आलेली अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर आकडा १ लाख २० हजार असला तरी रुग्णालय गाठावे. उलट असे काही नसेल आणि रुग्ण पाणी, पेज, सरबत नीट घेत असेल, तर आकडा ४० हजारांपर्यंत उतरला तरी प्लेटलेट्स चढवण्याची गरज सहसा नसते. डेंग्यूवरील उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रक्तस्राव नसताना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स देण्यासाठी १० हजारांखालची पातळी सांगितली आहे. तरीही ‘पन्नास हजारांच्या खाली आल्या, पिशवी आणा’ म्हणून नातेवाइकांना रात्री-बेरात्री रक्तपेढ्यांच्या दारात उभे राहावे लागते. प्लेटलेट्सची पिशवी २० ते २४ अंशांवर सतत हलती ठेवावी लागते आणि पाचच दिवस टिकते. गरज नसलेल्याला ती चढवली की कर्करोगाच्या वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाला ती त्या दिवशी मिळत नाही.

पपईच्या पानांच्या रसाविषयी लोक हमखास विचारतात. त्याने आकडा थोडा लवकर चढल्याचे काही अभ्यासांत दिसले असले, तरी रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही, आणि आधीच उलट्या होत असलेल्या पोराच्या घशात तो कडू रस ओतणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. किवीचा भाव या दिवसांत का चढतो, हे मंडईतल्या व्यापाऱ्यांना विचारावे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधे मात्र टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

यंत्रानेच चुकीचा आकडा देण्याचा प्रकारही इथे सांगितला पाहिजे. जांभळ्या टोपणाच्या ज्या नळीत सीबीसीचे रक्त घेतात, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. हजारात एखाद्या माणसाच्या प्लेटलेट्स या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. यंत्र पेशी आकारावरून मोजत असल्याने चिकटलेला पुंजका त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही. माझ्या नोकरीच्या काळात साधा ताप असलेल्या एका तरुणाच्या प्लेटलेट्स ३८ हजार आल्या होत्या. त्याचा भाऊ पिशवीसाठी निघण्याच्या तयारीत होता, आणि रुग्णाच्या अंगावर ना एक लाल ठिपका, ना हिरडीला रक्त. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पसरला (यालाच स्मिअर म्हणतात), लिशमनचा रंग चढवला आणि ऑइल लेन्सखाली पट्टीच्या निमुळत्या टोकाशी पाहिले, तर वीस-वीस, तीस-तीस प्लेटलेट्सचे जांभळट घोसच्या घोस पडलेले. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले, त्या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडे पातळ होते म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणले, आणि उत्तर १ लाख ९० हजारांच्या घरात गेले. नळी नीट न हलवल्याने रक्तात बारीकशी गुठळी झाली तरीही असेच होते. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर ते पातळ होऊन हिमोग्लोबिनसकट सगळेच आकडे खाली येतात. म्हणून अचानक, लक्षणांशी अजिबात न जुळणारा आकडा आला तर आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि ‘स्मिअर कोणी डोळ्यांनी पाहिला का’ एवढे लॅबला विचारावे. हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे आणि चांगल्या लॅबला त्याचा राग येत नाही.

हिमोग्लोबिनचे दुखणे याच्या नेमके उलटे आहे. प्लेटलेट्सना लोक नको इतके घाबरतात आणि कमी हिमोग्लोबिन मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढतात, विशेषतः घरातल्या बायका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गर्भवतीत सर्वसाधारणपणे ११ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्तक्षय धरतात. ‘माझं पहिल्यापासून नऊच असतं’ असे एखादी बाई सहज सांगते, जणू ते तिचे रक्तगटासारखे जन्मजात लक्षण असावे. जिना चढताना धाप लागणे, केस गळणे, कामाचा उरक न राहणे हे सगळे तिने वयाच्या आणि घरकामाच्या खात्यावर टाकलेले असते.

रक्त कमी आहे एवढे कळून भागत नाही, ते का कमी आहे हे शोधावे लागते, आणि त्याचा पहिला धागा त्याच रिपोर्टात एमसीव्ही या ओळीत असतो. ती ओळ तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगते. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, १०० च्या वर म्हणजे मोठ्या. लहान पेशी दिसल्या की बहुधा लोह कमी असते, आणि त्याची खात्री फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याच्या, तपासणीने होते. मात्र ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसू शकते. पण पेशी फार लहान आणि तरीही तांबड्या पेशींची संख्या भरपूर, पन्नास-पंचावन्न लाख, असा रिपोर्ट असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराचा, संशय घ्यावा. एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने (५० लाख म्हणजे ५) भागले आणि उत्तर १३ च्या खाली आले की हा संशय बळावतो, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत तो सहसा फिटतो किंवा पक्का होतो. अशा बाईला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चारून तिचे हिमोग्लोबिन काही चढत नाही. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रासही नसतो. पण नवराही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून हे निदान लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी व्हायला हवे.

मोठ्या पेशींचे कारण आपल्या शाकाहारी घरांत बहुधा बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे असते. पुण्याजवळच्या गावांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले होते, आणि तो अभ्यास जगभर वाचला गेला. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही हे जीवनसत्त्व कालांतराने उतरते. बी-१२ फारच कमी झाले तर तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही एकदम खाली येतात आणि रिपोर्ट पाहून घरच्यांच्या मनात रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. पुढे काही इंजेक्शने होतात आणि आकडे चढू लागतात. अर्थात तिन्ही पेशी कमी असताना ‘बी-१२ च असेल’ असे घरच्या घरी ठरवून बसू नये. ती शंका डॉक्टरांनीच फेडली पाहिजे.

लोहासाठी बीट खाण्याचा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बीट लाल असते हे खरे, पण त्यात लोह फार थोडे असते. अळिवाचे लाडू, पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये हे बरे, लोखंडी कढईतली भाजी आणखी बरी, आणि त्यावर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच कमी शोषले जाते, आणि हे मी किती घरांत सांगितले असेन, चहा मात्र कुठेच लांबलेला नाही. पण खरोखर कमतरता असताना नुसत्या आहाराने ती भरून निघत नाही, गोळ्याच लागतात. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नये. पोटात मळमळले तर गोळी बंद न करता वेळ किंवा प्रकार बदलून घ्यावा, आणि हिमोग्लोबिन बारावर आले म्हणून थांबू नये, कारण शरीरातला साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. बहुतेकांचे इथेच चुकते. आणि साठीच्या पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळली तर टॉनिक देऊन बाटली संपण्याची वाट पाहू नये. रक्त पोटातून किंवा आतड्यातून कुठे झिरपते आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. अशा वेळी मूळव्याध समजून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

केमोथेरपी घेणाऱ्यांच्या घरात या रिपोर्टाचे वजन आणखी वेगळे असते. औषध दिल्यानंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि मग पुन्हा वर येतात. हे अपेक्षितच असते, औषध ‘सोसले नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. इथे एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, किती, हे महत्त्वाचे. एकूण संख्येला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागावे. पांढऱ्या पेशी २००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर उत्तर ४०० येते. पाचशेच्या खाली असताना १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर ती तातडीची अवस्था असते. सकाळची वाट न पाहता, रात्री दोन वाजता का होईना, रुग्णालयात पोहोचावे आणि ‘केमो चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवे असते. विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये, ताप झाकला जातो. म्हणून घरात एक चालणारा थर्मामीटर ठेवावा. कपाळाला हात लावून भागत नाही.

बाकी पथ्य साधे आहे: हात धुणे, ताजे शिजवलेले अन्न, मऊ ब्रश, सर्दी-पडशाच्या माणसाने दूर राहणे. भेटीला येणाऱ्यांना ‘आठवडाभर येऊ नका’ असे सांगणे आपल्याकडे फार जड जाते, आजारी माणसाला पाहायला न जाणे हा जणू गुन्हाच. ते काम रुग्णाच्या गळ्यात न घालता घरातल्या एखाद्या खमक्या आत्याने किंवा वहिनीने अंगावर घ्यावे. पेशी कमी म्हणून पुढचा डोस आठवडाभर लांबला तर उपचार फसला असे समजू नये. आणि थकवा हा खराखुरा असतो, तो आळस नव्हे. आठ-नऊ हिमोग्लोबिनवर माणसाला आंघोळ करूनही टेकावेसे वाटते, तेव्हा त्याला ‘मनानं उभं राहा’ सांगण्यापेक्षा बाथरूममध्ये एक स्टूल ठेवावे.

आता लॅबवाल्यांकडे वळतो. सगळे रिपोर्ट संगणकावर असताना त्याच रुग्णाचा आधीचा आकडा शेजारच्या रकान्यात छापणे अवघड नाही. काही लॅब तो देतात, बहुतेक देत नाहीत. शहरातल्या सर्व लॅबनी प्लेटलेट्स लाखांत आणि पांढऱ्या पेशी पूर्ण आकड्यांत द्याव्यात. प्लेटलेट्स लाखाखाली आल्या तर स्मिअर पाहिल्याची आणि त्यात घोस नसल्याची नोंद रिपोर्टावर सक्तीची करावी. आकडा खरोखर धोक्याचा असेल तर नुसती पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. आणि रिपोर्टाबरोबर मराठीत एक पान द्यावे, ज्यात कोणती ओळ काय सांगते आणि कोणत्या लक्षणांवर थांबू नये एवढे लिहिलेले असेल. जाहिरातीची चार पाने पाठवता येतात, तर हे एक पान महाग पडू नये. महापालिकेच्या आरोग्य विभागाने त्याचा मसुदा तयार करून सर्व लॅबना दिला तर काम आणखी सोपे होईल.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. डेंग्यूच्या बातम्यांत रुग्णसंख्या आणि प्लेटलेट्सचा तुटवडा येतो, त्याच्या शेजारी धोक्याच्या लक्षणांची एक छोटी चौकट पावसाळाभर छापावी, आणि तिच्यात ‘पोटात सतत दुखणे’ सर्वांत वर घ्यावे, कारण घरोघरी त्याच लक्षणावर ॲसिडिटीची गोळी देऊन रुग्णाला झोपवले जाते.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कोथरूड, पुणे